दोन थेंब शेंगतेल

मी छर्ऱ्याच्या बंदुका दुरुस्त करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडं बघतो आणि मग दार कुठं आहे ते बघतो. म्हणून नव्या सोयरिकीत मी 'पंपाची कामं करतो' एवढंच सांगतो. ते काही खोटं नाही. इस्लामपुरात वडिलांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं आणि पंपाचे वायसर बदलत मी लहानाचा मोठा झालो. पुढं साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर वडिलांचं बंद दुकान झाडून घेतलं, तर तोवर गावातले स्टोव्ह भंगारात जाऊन पडलेले. एके दिवशी शाळेचे पी. टी. चे सर एक बिघडलेली छर्ऱ्याची बंदूक घेऊन आले. मी ती उघडली आणि आत बघून हसायलाच लागलो. आत आपला स्टोव्हचा पंपच होता, फक्त जरा तापट.

ज्यांनी ही बंदूक कधी हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दट्ट्या जोरात ढकलला तर हवा अंगठ्याला बाजूला सारून बाहेर पडते. बंदुकीत अंगठ्याच्या जागी छर्रा असतो आणि हाताच्या जागी स्प्रिंग. नळी मध्येच वाकवली की स्प्रिंग दबून अडकते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्याला पुढं फेकते, दट्ट्याच्या डोक्यावरचा रबरी वायसर हवा दाबतो आणि ती हवा एका बारक्या भोकातून छर्ऱ्याच्या पाठीवर बसते. एवढीच विद्या आहे.

मग ट्यूनिंग म्हणजे काय? हा शब्द नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींनी माझ्या दुकानात आणला. मिरजेच्या माझ्या व्याह्यांना बरेच दिवस वाटत होतं की मी तंबोरे लावतो, आणि मीही ते खोडलं नाही. बाकीच्यांना वाटतं की ट्यूनिंग म्हणजे जोर वाढवणं. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले आणि म्हणाले, "मिस्त्री, अशी करा की नुसत्या आवाजानं पाखरू कर्नाटकात गेलं पायजे." मी म्हणालो, मग फटाके घ्या. जोराला कायद्यानं मर्यादा आहे आणि तिच्या पलीकडं मी जात नाही. ते रागावून गेले. पुढच्या हंगामात त्यांनी बागेवर जाळी टाकली असं ऐकलं, म्हणजे पाखरं आणि ते दोघंही सुखी झाले.

ट्यूनिंग म्हणजे जोर नव्हे, सारखेपणा. पहिला छर्रा जसा सुटला तसाच पन्नासावा सुटला पाहिजे. काही घरांत आमटीला रोज तीच चव असते, तसं बंदुकीकडून करून घ्यायचं. स्प्रिंगची टोकं घासून सपाट करायची. तिच्या आतली सळई सैल असेल तर स्प्रिंग झणझणते, म्हणून लेथवर नवी, अंगाबरोबरची सळई काढायची. चापाचे आतले ओठ दगडावर घासून असे करायचे की तो कधी सुटणार हे बोटाला आधी कळावं. दस्त्याचे स्क्रू आवळायचे, कारण निम्म्या बंदुकांचा आजार तेवढाच असतो. ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकंच लावायचं. आणि वायसरच्या पुढं तेलाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. दाबलेली हवा इतकी तापते की तेल आतच पेट घेतं. डिझेल इंजिन चालतं तेच गणित. मग एक छर्रा जोरात जातो, दुसरा हळू जातो आणि सारखेपणाची वाट लागते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. दुकानात पाटीच लावली आहे, 'बंदुकीत तेल घालू नये'.

महाबळेश्वरात फुगे फोडायचा स्टॉल असलेले एक गृहस्थ पावसाळा संपला की दोन बंदुका घेऊन खाली उतरतात. तिकडच्या पावसात लोखंड काय, माणूसही गंजतो. पहिल्या वर्षी मी त्या दोन्ही बंदुका मन लावून नीट केल्या. पंधरा दिवसांत गृहस्थ परत हजर. "मिस्त्री, लय नीट केलीसा. गिऱ्हाईक पाचाला पाच फुगं फोडून जातंय. आमी काय करायचं?" नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे जिच्यावरून नेम धरतात तो खुंट, पूर्वीसारखी वाकडी करून द्या म्हणाले. मी म्हणालो, वाकडी तुमची तुम्ही करा, माझ्या दुकानातून सरळच जाईल. त्यांनी तिथंच माझी पक्कड उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत कार्यभाग उरकला. आम्ही अजून चांगले मित्र आहोत.

हे सगळं मी मिशीला पीळ देऊन सांगतो हे माझ्याही लक्षात येतं. माझ्या हातून गेलेली बंदूक बिघाडाची तक्रार घेऊन परत आली नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत छातीवर हात मारून सांगत असे. आता सांगत नाही, त्याची ही हकीकत.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी आटपाडीच्या पलीकडून तायाप्पा आबा आणि त्यांची नात कोमल एस. टी.नं आले. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता घरची डाळिंबाची बाग आहे. कोमल अकरावीत. फौजेतल्या मामानं तिला बंदूक घेऊन दिली होती आणि शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करून ती पोरगी तालुक्यात सगळ्यांच्या पुढं गेली होती. जिल्ह्याच्या निवड चाचणीला तालुक्यातून मुलींतलं एकच नाव जाणार होतं आणि ते तिचं होतं. चाचणी दिवाळीच्या तोंडावर, सांगलीत. बंदूक झणझणत होती, चाप जड होता. मी म्हणालो, ठेवून जा.

चार दिवस ती बंदूक सोडून मी दुसरं काम हातात घेतलं नाही. माझ्या परसात दहा मीटरची जागा आहे, टोकाला वाळूची पेटी आणि कागद. बंदूक पोत्यावर टेकवून पाच छर्रे सोडले. कागदावर शेंगदाण्याएवढं एकच भोक पडलं. असा कागद मी तारीख घालून जपून ठेवतो, तसा तोही ठेवला. खंडेनवमीला दुकानात सगळ्या हत्यारांची पूजा झाली आणि दसऱ्याला सकाळीच आबा येऊन बंदूक घेऊन गेले. दसऱ्याला हत्यार घरात पायजे, असं त्यांचं म्हणणं.

सहाव्या दिवशी कोमलचा फोन आला.

"काका, छर्रा वर-खाली जातोय."

"पहिले काही दिवस तसं वाटतं. चाप हलका झालाय ना."

"आन् काका, बंदुकीला तळणीचा वास येतोय. भजी तळल्यागत."

मी हसलो. म्हणालो, "शेडच्या मागं कुणाच्या घरात तळण चाललंय का बघ." आणि मग मोठ्या माणसाचा आवाज काढून सांगितलं, की बंदूक मी स्वतः पाच छर्रे एका भोकात बघून दिली आहे. स्पर्धा जवळ आली की हात हलतो, हाताकडं लक्ष दे. ती "व्हय" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आपण पोरीला चांगला सल्ला दिला असं मला वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पुढच्या रविवारी तायाप्पा आबा एकटेच आले. बंदूक घोंगड्यात गुंडाळलेली. मी विचारलं, कोमल कुठाय?

"न्हाई आली. म्हणतीया, माझा हात गेला. साळंचं सर बी तसंच म्हणालं. मंगळवारपतोर जमलं न्हाई तर दुसरीचं नाव धाडत्यात." आबा बाकावर टेकले. "आवं मिस्त्री, पोरगी भाकरी मोडताना बी हात हालतोय का बघतीया. म्हणली बंदूक मामाला परत द्या. मी म्हणलं, एकदा तुमास्नी दावतो, मग बघू."

मी घोंगडं सोडलं. दस्त्याच्या कोरीव रेघांत पिवळी पूड भरलेली होती. भंडारा. माशीच्या बुडाशीही पिवळा डाग होता. नळी वाकवून नाक लावलं, तर खरंच भजी तळल्यासारखा वास. माझं डोकं फिरलं.

"आबा, हे काय केलंत? भंडारा वाहिला, वर तेलही ओतलंत? ही पाटी काय शोभेला लावलीय? वर्षभर पोरीनं घाम गाळला आणि तुमच्या देवभक्तीनं त्याची माती झाली."

आणखीही बोललो. ते सगळं लिहीत नाही. माझा आवाज ऐकून माझी बायको मंगल आतून दारात आली. मी थांबल्यावर आबा म्हणाले, "भंडारा मी लावला. बिरोबाचा हाय. घरात हत्यार आलं तर लावणारच की. पर नळीच्या तोंडाला चिंधीचा बोळा घातला हुता. आन् तेल मी घातलं न्हाई."

"मग हा वास कसला?"

आबांनी बंदूक जवळ ओढली, नळीला नाक लावलं आणि शांतपणे म्हणाले, "ह्यो शेंगतेलाचा वास हाय. आमच्यात शेंगतेल न्हाई खात. आमच्याकडं करडई."

मी काही म्हणणार इतक्यात मंगल हळूच बोलली. आबांना कमी ऐकू येतं, त्यांना ते ऐकू गेलं नाही. मला मात्र गेलं. "शेंगतेल मीच दिलं होतं वाटीत. खंडेनवमीला. तुम्ही सगळ्या यंत्रांना घास भरवलात तेव्हा."

हा घास म्हणजे आमच्या घरची रीत. खंडेनवमीला हळदकुंकू सगळेच वाहतात. माझे वडील दुकानात असलेल्या प्रत्येक स्टोव्हच्या पंपात दोन थेंब शेंगतेल सोडायचे. यंत्र वर्षभर आपल्याला जेवू घालतं, एक दिवस आपण त्याला भरवायचं, असं ते म्हणत. स्टोव्हचा वायसर चामड्याचा असतो, त्याला तेल मानवतं. वडील गेल्यापासून मीही दर वर्षी तसंच करत आलो. लेथच्या पाट्याला दोन थेंब, ड्रिलला दोन थेंब, सायकलच्या पंपाला दोन थेंब. गिऱ्हाइकांच्या बंदुका मी त्याआधी देऊन टाकलेल्या असतात. त्या वर्षी एक बंदूक तयार होऊन फळीवर आडवी ठेवलेली होती. मी नळी वाकवली असणार, त्या बारक्या भोकात दोन थेंब सोडले असणार आणि नमस्कार करून पुढं गेलो असणार. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. हाताला मात्र सवय होती. पाटीच्या बरोबर खाली उभं राहून मी हे केलं होतं.

मी मान खाली घालून बंदूक खोलायला लागलो. दट्ट्या बाहेर काढला. वायसरची कड काळी पडून खरवडल्यासारखी झाली होती आणि मागं तेल साचून खरपूस झालं होतं. आता तेल संपलं असतं तरी त्या जळक्या कडेनं हवा दर वेळी वेगळी सुटली असती. काय झालं ते मला लख्ख कळलं होतं आणि आबांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. 'वायसरच खराब निघाला' एवढे तीन शब्द पुरे होते. कुणाचंच नाव गेलं नसतं. मी ते शब्द तोंडात घोळवत, नसलेला मळ पुसत अर्धा तास काढला. त्या अर्ध्या तासात आबांनी एकदाही घाई केली नाही, ते बाकावर बसून रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या बघत होते.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सरावाचे कागद आणलेत का?"

आबांनी कोपरीच्या खिशातून घड्या केलेले कागद काढले. कोमलनं रोजचे नंबर घालून ठेवले होते. मी पहिलाच कागद उलगडला आणि माझे हात थांबले. भोकं एकाखाली एक, उभ्या रांगेत. डावीकडं-उजवीकडं एक बोटभरही गेलेली नव्हती. माणसाचा हात हलतो तेव्हा भोकं चौफेर पांगतात. अशी उभी रांग बंदूकच पाडते, कारण छर्रा जोरात गेला की वर लागतो आणि हळू गेला की खाली. त्या पोरीचा हात दगडासारखा स्थिर होता आणि हे सांगणारा कागद पहिल्या दिवसापासून तिच्याजवळ होता. मी फोनवर भज्यांचा विनोद करण्याऐवजी 'कागदाचा फोटो पाठव' म्हणालो असतो, तर तिचे आठ दिवस वाचले असते.

त्यानंतर मला गप्प बसवेना. जळका वायसर तळहातावर घेऊन मी आबांसमोर गेलो आणि सगळं सांगितलं. वडिलांची रीत, दोन थेंब, फोनवर काय बोललो ते. तुम्हाला उगाच वाटेल ते बोललो, हेही सांगितलं. आबांनी विचारलं,

"म्हंजी पोरीचा हात चांगला हाय?"

"उत्तम आहे. कागद बघा की."

"मग आदी तिला फोन लावा. मगाधरनं काय पुसत बसलाय?"

मी फोन लावला. पलीकडून "हां काका" एवढंच आलं. मी म्हणालो, "कोमल, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. चूक माझी होती. बंदुकीत तेल गेलं होतं, ते मीच घातलं होतं." ती म्हणाली, "खरंच व्हय काका? का मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?" मी कागदावरची उभी रांग तिला समजावून सांगितली. तेव्हा तिला ते खरं वाटलं. मग ती रडली. मंगलनं माझ्या हातातून फोन घेतला.

दुपारपर्यंत मी नळी, भोक, दट्ट्या सगळं पेट्रोलनं धुऊन सुकवलं, नवा वायसर बसवला आणि परसात कागद लावला. पहिले दहा-पंधरा छर्रे आतला उरलासुरला वास घेऊन गेले. त्यानंतरचे पाच सोडले आणि कागद आणायला चालत गेलो. शेंगदाण्याएवढं एक भोक. मी तिथंच वाळूच्या पेटीवर बसलो. इतका हलका मी नोकरीतून सुटलो त्या दिवशीही झालो नव्हतो.

आबांनी कमरेची पिशवी सोडून चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला. "डोस्कं जरा गार ऱ्हाईल," म्हणाले. त्यांच्या पाया पडलो. मग चहा, मग जेवण, मग चारची एस. टी. जेवणात मंगलनं मुद्दाम काही तळलं नाही.

सोमवारी कोमलनं सरांसमोर छर्रे मारले आणि मंगळवारी तालुक्यातून तिचंच नाव गेलं. शनिवारी सांगलीत चाचणी होती. मी जाणार नव्हतो, कारण मला बघून तिला बंदुकीची शंका येईल असं वाटलं. सकाळपासून दुकानात बसलो, पण एकही स्क्रू नीट लागेना. दुपारी फोन वाजला.

"काका, निवड झाली. यादीत शेवटचं नाव हाय, पर हाय."

मी म्हणालो, "बंदूक कशी होती?"

"बंदूक एकदम बराबर. शेवटचा छर्रा तेवढा डावीकडं गेला, पार बाहेर. तो माझा हात हालला, काका. माझाच." आणि ती खळखळून हसली.

स्वतःची चूक इतक्या आनंदानं सांगणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. मला माझी सांगायला अर्धा तास लागला होता, आणि तोही समोर एक म्हातारा निमूट बसलेला असताना.